यादीबाहेरची माणसे

भारतीय राज्यघटनेच्या ४१व्या अनुच्छेदात काम मिळण्याचा हक्क, शिक्षणाचा हक्क आणि बेकारी, वार्धक्य, आजार व अपंगत्व यांत सरकारी साहाय्य मिळण्याचा हक्क, असे तीन हक्क एकत्र गुंफलेले आहेत. राज्याच्या आर्थिक कुवतीची अट त्याला जोडलेली आहे आणि हा अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांत असल्यामुळे न्यायालयात त्याची थेट बजावणी होत नाही, हे खरे. परंतु काम आणि आजार हे दोन विषय एकाच अनुच्छेदात शेजारीशेजारी बसलेले आहेत, याला अर्थ आहे. व्यवहारात मात्र आपण ते दोन निरनिराळ्या खात्यांत वाटून टाकले. धडधाकट माणसाने काम मागावे ते रोजगार खात्याकडे आणि आजारी माणसाने मदत मागावी ती आरोग्य किंवा समाजकल्याण खात्याकडे. जो जन्मभर आजारी आहे आणि तरीही काम करू शकतो, करू इच्छितो व ज्याला केल्यावाचून गत्यंतर नाही, अशा माणसाने कोठे जावे, हे आपण ठरवलेलेच नाही.

सिस्टिक फायब्रोसिस नावाच्या आनुवंशिक विकाराने ग्रस्त असलेली माणसे नेमकी या फटीत सापडली आहेत. त्यांची संख्या थोडी आहे; म्हणूनच त्यांचा प्रश्न व्यवस्थेच्या परीक्षेचा प्रश्न आहे.

या विकारात शरीरातील पेशींच्या आवरणातून मीठ व पाणी यांची ने-आण करणारे एक प्रथिन सदोष असते. परिणामी फुप्फुसांतील स्राव दाट व चिकट होतो, त्यात जंतूंचे ठाण बसते आणि वारंवारच्या संसर्गाने फुप्फुसे झिजत जातात. स्वादुपिंडाच्या नलिका तुंबल्यामुळे खाल्लेले अन्न, विशेषतः स्निग्ध पदार्थ, अंगी लागत नाहीत. न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी १९३८ साली या रोगाचे स्पष्ट वर्णन केले. १९४८ साली त्याच शहरात उष्णतेची मोठी लाट आली, तेव्हा कोसळून इस्पितळात आलेल्या मुलांत या रोगाची मुले अधिक असल्याचे ध्यानात आले आणि डॉ. पॉल दि सांताग्नेझे यांनी १९५३ साली त्याचे कारण दाखवून दिले: या मुलांच्या घामातून मीठ प्रमाणाबाहेर वाहून जाते. त्यातूनच घामातील क्लोराइड मोजण्याची चाचणी निघाली व निदानासाठी ती आजही वापरली जाते. सातव्या गुणसूत्रावरील दोषी जनुक १९८९ साली सापडले. आई व वडील दोघेही त्या जनुकाचे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा विकार होण्याची शक्यता चारांत एक असते. वाहक स्वतः निरोगी असल्यामुळे घराण्याला त्याचा पत्ताही नसतो.

हा गोऱ्या लोकांचा रोग आहे, भारतात तो नाहीच, असे दीर्घकाळ समजले जात होते. तो समज खोटा ठरला. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज यांसारख्या ठिकाणी निदानाची सोय झाली, तेव्हा रुग्णही दिसू लागले. त्याआधी अशी मुले न्यूमोनिया, क्षय किंवा कुपोषण या सदरांखाली मरण पावत असणार, हे उघड आहे. भारतीय वंशाच्या लोकांत या रोगाचे प्रमाण किती, याविषयीचे अंदाज दहा हजार जन्मांत एक ते लाख जन्मांत एक इतके दूरदूरचे आहेत. बुलढाणा जिल्ह्यापुरता हिशेब मांडून पाहावा. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती. वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास जन्म धरले, तर पहिल्या अंदाजाने वर्षाला चार मुले आणि दुसऱ्या अंदाजाने अडीच वर्षांत एक मूल, असा आकडा येतो. यांतील किती मुलांचे निदान होते आणि किती वयात येतात, हा पुढचा प्रश्न. ज्या देशांत उपचार पोहोचले, तेथे चित्र पालटले आहे. १९५०च्या सुमारास या रोगाची मुले शाळेचे तोंड पाहीपर्यंत जगली तर ते नशीब समजले जाई. आज अमेरिकेत या रोगाच्या रुग्णांत मुलांपेक्षा प्रौढांची संख्या अधिक आहे. प्रौढ झालेल्या माणसापुढे उभा राहणारा प्रश्न इतर कोणाही माणसापुढे असतो तोच आहे: पोट कशावर भरावयाचे?

बुलढाणा जिल्ह्यात या प्रश्नाला फार थोडी उत्तरे आहेत. जिल्ह्याचे तेरा तालुके लोकांच्या तोंडी दोन भागांत वाटलेले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा व देऊळगाव राजा हे घाटावरचे. मलकापूर, नांदुरा, मोताळा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद व संग्रामपूर हे घाटाखालचे. घाटावर हवा थोडी सौम्य. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात उन्हाळा अंग भाजून काढणारा. दोन्हीकडे जगण्याचा मुख्य आधार शेती व शेतमजुरी हाच. कापूस, सोयाबीन, तूर ही पिके, त्यांची निंदणी, फवारणी, वेचणी आणि मळणी, खामगाव-मलकापूरकडच्या जिनांतील हंगामी काम, बाजार समितीच्या आवारातील हमाली, बांधकामावरची मजुरी, नाहीतर पुणे, मुंबई, सुरत गाठणे. शिकलेल्यांसाठी शिक्षकी, तलाठ्याची वा ग्रामसेवकाची नोकरी, पोलीस भरती आणि पतसंस्थांतील कारकुनी. तालुक्यातालुक्याच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची पुस्तके घेऊन बसलेली तरुण मंडळी याच चिंचोळ्या दारातून आत शिरण्याची वाट पाहत असतात.

ही सारी कामे सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णाच्या दृष्टीने तपासली, तर काय उरते? जिनमधील रुईची धूळ निरोगी कामगाराच्याही छातीत साचून विकार उत्पन्न करते. ज्याची श्वासनलिका आधीच चिकट स्रावाने भरलेली आहे, त्याने तेथे पाऊलही टाकू नये. सोयाबीनच्या मळणीत उडणारा भुसा व ओलसर कुटारावर येणारी बुरशी यांतून अॅस्परजिलससारखे जीव फुप्फुसात घर करतात. मातीत व कुजक्या वनस्पतींत आढळणारे काही जीवाणू निरोगी माणसाला सहसा त्रास देत नाहीत, या रुग्णाला मात्र ते घातक ठरू शकतात. फवारणीच्या औषधाचा विचारच नको. राहिले उन्हातले काम. मे महिन्याच्या दुपारी घाटाखालच्या शिवारात किंवा खडीच्या कामावर दिवसभर राबणाऱ्या माणसाचा घाम किती जातो हे सांगावयास नको. या रुग्णाच्या बाबतीत त्या घामाबरोबर मीठही वाहून जाते आणि न्यूयॉर्कच्या मुलांचे १९४८ साली जे झाले, तेच त्याचे होऊ शकते. हिंडण्याफिरण्याची ताकद अंगात आहे, म्हणून हा माणूस मजुरीला जातो आणि मजुरीच त्याला संपवते.

पांढरपेशा कामातही सारे काही सुरक्षित नसते. इस्पितळातील परिचारिकेचे वा प्रयोगशाळेतील काम सन्मानाचे, परंतु तेथे हट्टी जंतूंशी गाठ पडण्याचा धोका. लहान मुलांच्या वर्गात शिकवणे शक्य असते, पण दर पावसाळ्यात सर्दी-खोकल्याच्या साथी अंगावर येतात. पोलीस भरतीतील धावण्याची चाचणी बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची. हिशेब, संगणक, वकिली, आराखडे, भाषांतर, बँक व पोस्टातील टेबलाची कामे ही त्यातल्या त्यात सोयीची. आणि त्यांतही वेळ मागेपुढे करण्याची मुभा असली, तरच.

या वेळेच्या मुद्द्याकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे. या रुग्णाचा दिवस चोवीस तासांचा नसतो. सकाळ-संध्याकाळ वाफेच्या यंत्राने औषध घेणे, छाती ठोकून वा विशिष्ट श्वसनाने कफ मोकळा करणे, ती उपकरणे उकळून स्वच्छ ठेवणे, यांत रोजचे दोन-तीन तास सहज जातात. प्रत्येक जेवणाबरोबर पाचक एन्झाइमच्या गोळ्या घ्याव्या लागतात. इतरांपेक्षा अधिक खावे लागते आणि अधिक मीठही. वर्षातून एकदोनदा छातीचा संसर्ग बळावला, की दोन-दोन आठवडे शिरेतून प्रतिजैविके घेण्याची पाळी येते. अमर्त्य सेन यांनी अपंगत्वाच्या संदर्भात दोन अडचणींत भेद केला आहे. एक अडचण कमाईची: आजारामुळे माणूस कमी कमावतो. दुसरी रूपांतराची: तेवढ्याच पैशात तो इतरांइतके जगणे उभे करू शकत नाही, कारण त्याचा खर्च अधिक असतो. आपल्या सरकारी दारिद्र्यमापनात फार तर पहिली अडचण दिसते. दुसरी दिसतच नाही. महिना पंधरा हजार मिळवणारा निरोगी कारकून आणि तेवढेच मिळवणारा हा रुग्ण हे कागदावर समान असतात. प्रत्यक्षात दुसऱ्याच्या पगारातील मोठा हिस्सा घरी पोहोचण्याआधीच औषधाच्या दुकानात जमा झालेला असतो.

नोकरी मिळाली, की दुसरे संकट सुरू होते: सांगावे की लपवावे? हा आजार चेहऱ्यावर दिसत नाही. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील गावांत माणसांचे केस अकस्मात गळू लागले, तेव्हा सारा देश हळहळला व भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथकही गावात आले. ते योग्यच झाले. परंतु डोक्यावरचे दिसते, छातीच्या आतले दिसत नाही. सांगितले तर मालक म्हणणार, हा किती दिवस टिकणार. सहकारी खोकला ऐकून क्षयाचा संशय घेणार, डबा वेगळा ठेवणार. वस्तुतः सिस्टिक फायब्रोसिस संसर्गाने निरोगी माणसाला होत नाही. लपवले तर दुपारचे औषध चोरून घ्यावे लागते, तपासणीसाठी काढलेल्या रजेला खोटे कारण द्यावे लागते, आणि एके दिवशी प्रकृती ढासळली, की आळशी वा लबाड हा शिक्का बसून नोकरी जाते. मुलीच्या बाबतीत तर घरचेच लोक लपवण्याचा आग्रह धरतात, कारण नोकरीबरोबर लग्नाचाही प्रश्न असतो. सत्य बोलणाऱ्याला शिक्षा आणि लपवणाऱ्याला धोका, अशी व्यवस्था जेथे असते, तेथे व्यक्तीच्या प्रामाणिकपणावर प्रवचने करण्यात अर्थ नाही. सत्य बोलणे परवडेल, अशी परिस्थिती कायद्याने निर्माण करावी लागते.

कायदा काय म्हणतो? १९९५च्या अपंगविषयक कायद्यात सात प्रकार होते. २०१६ साली दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला, एप्रिल २०१७ मध्ये तो अमलात आला आणि प्रकारांची संख्या एकवीसवर गेली. त्यांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल हे तीन रक्तविकार प्रथमच समाविष्ट झाले. विदर्भाच्या दृष्टीने सिकलसेलचा समावेश मोलाचा होता. आदिवासी व दलित कुटुंबांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या हाडे पिळवटत आला आहे. ही सुधारणा निःसंशय स्वागतार्ह. तथापि सिस्टिक फायब्रोसिस या यादीत नाही. जन्मजात, आनुवंशिक, आयुष्यभराचा, हळूहळू शक्ती हरण करणारा, ही सारी लक्षणे दोन्हीकडे सारखीच. परंतु विकार रक्तात असेल तर माणूस यादीत आणि फुप्फुसात असेल तर यादीबाहेर!

यादीत येऊनही सारे मिटते असे नाही. त्याच कायद्याच्या ३२व्या कलमाने उच्च शिक्षणात दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा राखल्या व त्यांचा लाभ सिकलसेलच्या विद्यार्थ्यालाही मिळतो. ३४व्या कलमाने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखल्या, त्यांत मात्र दृष्टी, श्रवण, चलनवलन, बौद्धिक व मानसिक अपंगत्व आणि बहुविध अपंगत्व यांचेच गट आहेत. रक्तविकारांना तेथे स्वतंत्र स्थान नाही. म्हणजे महाविद्यालयाचे दार उघडले आणि कचेरीचे बंद राहिले. पदवी देऊन घरी बसवण्याची ही तऱ्हा खेड्यातील गरीब कुटुंबाला सर्वांत महाग पडते, कारण त्या पदवीसाठी त्याने शेताचा तुकडा गहाण टाकलेला असतो.

या अंधारात एक खिडकी आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगासंबंधीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला. परीक्षेत लेखनिक मिळावा, ही हाताच्या विकाराने त्रस्त असलेल्या उमेदवाराची मागणी होती. ठरावीक ४० टक्क्यांचे अपंगत्व नाही, म्हणून ती नाकारण्यात आली होती. न्यायालयाने ती मान्य करताना म्हटले, की आरक्षणासाठी टक्केवारीची अट असेल. पण वाजवी सोयी मिळण्याचा हक्क कायद्याच्या व्यापक व्याख्येत बसणाऱ्या प्रत्येकाला आहे. ती व्याख्या अशी की, ज्याचा दीर्घकालीन विकार समाजातील अडथळ्यांशी गाठ पडल्यावर त्याच्या बरोबरीच्या सहभागात आड येतो, तो दिव्यांग. सिस्टिक फायब्रोसिसचा रुग्ण या व्याख्येत बसावयास हरकत दिसत नाही. त्याला लागणाऱ्या सोयी तरी कोणत्या? बसण्याची जागा धुळीपासून दूर. दुपारी औषधासाठी वीस मिनिटे. सकाळी तासभर उशिरा येऊन संध्याकाळी तो भरून काढण्याची मुभा. शक्य असेल तेव्हा घरून काम. बदली करताना इस्पितळापासून फार दूर न पाठवणे. यांपैकी एकाही गोष्टीला खजिना रिता करावा लागत नाही. परंतु हा निवाडा जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेपर्यंत, पतसंस्थेच्या व्यवस्थापकापर्यंत पोहोचवणार कोण? मागणाऱ्याला हक्क ठाऊक नाही आणि देणाऱ्याला कर्तव्य.

संघटित क्षेत्राबाहेर तर एवढेही नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणाच्या ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. पण त्यासाठी दहा किंवा अधिक कामगारांची आस्थापना लागते व कामगाराची वर्गणी भरलेली लागते. बुलढाण्यातील किराणा दुकानात हिशेब लिहिणाऱ्या किंवा झेरॉक्सच्या टपरीवर बसणाऱ्या तरुणाला यातले काही लागू नाही. महाराष्ट्राने १९७२च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभारली, १९७७ साली तिला कायद्याचे रूप दिले आणि मागेल त्याला काम हा विचार देशाला शिकवला. पुढे २००५च्या केंद्रीय कायद्याने कामावर सावली, पिण्याचे पाणी व प्रथमोपचार यांची तरतूद केली आणि अपंगांना झेपेल असे काम देण्याचे मान्य केले. हा वारसा अभिमानाचा आहे. तरीही हमीचे काम म्हणजे माती, दगड आणि ऊन, ही कल्पना सुटलेली नाही. रोपवाटिका, हजेरीपटाचे काम, नोंदी, ग्रंथालय, सामाजिक अंकेक्षण हीसुद्धा सार्वजनिक कामेच आहेत. ज्याच्या अंगात फावडे चालवण्याचे बळ नाही, त्याच्यासाठीही हमी असेल, तरच ती हमी.

कामाचा विचार औषधावाचून पुरा होत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेत तीन औषधांचे एक मिश्रण मान्य झाले. ते सदोष प्रथिनाचेच कार्य सुधारते आणि ज्यांना लागू पडते त्यांचे आयुष्य बदलून टाकते. प्राणवायूच्या नळकांड्यावर असलेली माणसे पुन्हा कामावर गेली. भारतीय रुग्णांतील जनुकीय बदल अंशतः वेगळे असल्यामुळे पाश्चात्त्य देशांइतक्या मोठ्या प्रमाणावर ते येथे लागू पडणार नाही. तरी अनेकांना पडेल. त्याची अमेरिकेतील किंमत वर्षाला सुमारे ३ लाख ११ हजार डॉलर, म्हणजे अडीच कोटी रुपयांहून अधिक ठेवली गेली. लिव्हरपूल विद्यापीठाच्या अँड्र्यू हिल यांनी सहकाऱ्यांसह केलेल्या अभ्यासानुसार, हेच औषध वर्षाला सुमारे ५,७०० डॉलरमध्ये तयार होऊ शकते. हे दोन आकडे शेजारी ठेवावेत आणि त्यांना आपल्या सरकारी धोरणाची जोड द्यावी. २०२१ साली केंद्राने दुर्मिळ आजारांचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्यात सिस्टिक फायब्रोसिसचा नावानिशी उल्लेख आहे, आणि २०२२ साली मदतीची मर्यादा प्रत्येक रुग्णामागे ५० लाख रुपये करण्यात आली. कंपनीच्या किमतीने हे ५० लाख अडीच महिनेही पुरणार नाहीत. उत्पादनखर्चाच्या जवळपासच्या किमतीने ते दहा वर्षे पुरतील. रुग्ण तोच, औषध तेच, सरकारी पैसाही तेवढाच. मधला फरक एकाधिकाराचा आहे.

या एकाधिकाराला उपाय नाही असे नव्हे. १९७०च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावरील पेटंट नाकारले होते व त्यातून भारतीय औषधउद्योग उभा राहिला. २००५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या करारापायी ती तरतूद गेली. पण सक्तीच्या परवान्याचे कलम शिल्लक राहिले. मार्च २०१२ मध्ये त्याचा वापर होऊन कर्करोगावरील एका औषधाची महिन्याची किंमत २ लाख ८० हजारांवरून ८,८८० रुपयांवर आली. त्यानंतर हे शस्त्र म्यानातच आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये भारत, दक्षिण आफ्रिका, ब्राझील व युक्रेन या देशांतील सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांनी व त्यांच्या कुटुंबीयांनी पेटंटविरुद्ध एकाच वेळी मोहीम उघडली. अर्जेंटिनात तर हे औषध स्थानिक कंपनी बनवतेही. जगाचे औषधालय म्हणवणाऱ्या देशाने आपल्या रुग्णांना अर्जेंटिनाकडे पाहावयास लावावे, यात भूषण कोणते?

आक्षेप अपेक्षित आहे. ज्या जिल्ह्यात शेतकरी आत्महत्या करतात, ज्याच्या खारपाण पट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकारांनी घरे ओस पडत आहेत, तेथे मूठभर रुग्णांसाठी एवढा आटापिटा कशाला? हा आक्षेप दुष्टपणाचा नाही. अपुऱ्या साधनांची वाटणी करताना तो येणारच. परंतु तो चुकीच्या गृहीतावर उभा आहे. कामाच्या जागी सावली, पाणी, मीठ, विश्रांती, धुळीपासून बचाव, वेळेची लवचिकता आणि आजाराच्या रजेत वेतन, या गोष्टी एकट्या सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णाला लागत नाहीत. क्षयातून बरा झालेला पण फुप्फुस अर्धे गमावलेला मजूर, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणारा खारपाण पट्ट्यातील शेतकरी, सिकलसेलची आदिवासी तरुणी, दम्याने बेजार झालेला जिन कामगार, या सर्वांची मागणी तीच आहे. थोड्यांच्या प्रश्नाचा पाठपुरावा केला असता पुष्कळांच्या प्रश्नाची किल्ली सापडते, हा सामाजिक सुधारणांच्या इतिहासातील नेहमीचा अनुभव आहे. शिवाय साधने अपुरी आहेत म्हणणाऱ्यांनी वरचा ५० लाखांचा हिशेब पुन्हा एकदा पाहावा. अपुरेपणा सर्वस्वी निसर्गाने दिलेला नाही. त्याचा एक भाग आपणच मान्य केलेल्या किमतीने निर्माण केला आहे.

या रुग्णांची आणखी एक अडचण राजकीय स्वरूपाची आहे. त्यांच्या फुप्फुसांतील जंतू एकमेकांना बाधू शकतात. म्हणून दोन रुग्णांनी परस्परांपासून किमान सहा फुटांचे अंतर राखावे आणि बंद जागेत एकत्र जमू नये, असा वैद्यकशास्त्राचा दंडक आहे. कामगार कारखान्याच्या फाटकावर जमतो, शेतकरी चावडीवर. हक्काची भाषा माणसे एकत्र बसूनच शिकतात. या माणसांना ते एकत्र बसणेच वर्ज्य. ती मोर्चा काढू शकत नाहीत, कलेक्टर कचेरीपुढे धरणे धरू शकत नाहीत. ज्यांना संघटित होता येत नाही, त्यांच्या वतीने बोलणे हे संघटित झालेल्यांचे कर्तव्य ठरते. कामगार संघटना, शिक्षक संघटना, अपंगांच्या संस्था व ग्रामसभा यांनी हा प्रश्न आपल्या मागणीपत्रकात घेतला, तरच तो मांडला जाईल.

मागण्या अवाजवी नाहीत. २०१६च्या कायद्याच्या परिशिष्टात नवे प्रकार अधिसूचनेने जोडण्याचा अधिकार केंद्राला आहे. त्याने सिस्टिक फायब्रोसिसचा समावेश करावा, आणि नोकरीतील ४ टक्क्यांत रक्तविकारांसह अशा दीर्घ आजारांना जागा द्यावी. राज्य सरकारने वाजवी सोयींविषयीचा न्यायालयीन निवाडा सुबोध मराठीत प्रत्येक आस्थापनेला पाठवून त्याच्या अंमलबजावणीसाठी जिल्ह्यात एक जबाबदार अधिकारी नेमावा. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत बुलढाण्याचेही आहे. घामाच्या चाचणीची सोय तेथे करणे अशक्य नाही. आज दुर्मिळ आजाराच्या मदतीसाठी मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय गाठावे लागते; बुलढाणा शहराला रेल्वे नाही, मलकापूर वा शेगावला येऊन रात्रीची गाडी धरावयाची आणि दोन-तीन दिवसांची मजुरी बुडवावयाची. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, पण तिची बांधणी रुग्णालयात दाखल होण्यावर बेतलेली आहे. रोजच्या एन्झाइमच्या गोळ्या व वाफेचे औषध तीत बसत नाही. माणूस अंथरुणाला खिळला तर पैसे आणि उभा राहून कामावर जाऊ म्हणाला तर काही नाही, हा हिशेब उलटा आहे. तो सुलटा केला पाहिजे. आणि सक्तीच्या परवान्याचा अधिकार केंद्र सरकारने वापरावा, नाहीतर तो का वापरत नाही ते संसदेत सांगावे.

रोग बरा करणे अजून माणसाच्या हाती पूर्णपणे आलेले नाही. परंतु आजारी माणसाला धूळ, ऊन व उपासमार यांपैकी एकाची निवड करावयास लावू नये, एवढे निश्चितच समाजाच्या हाती आहे. ४१व्या अनुच्छेदात आर्थिक कुवतीची अट आहे, याची आठवण सरकारे वारंवार करून देतात. टेबलाची जागा बदलण्यास, औषधासाठी वीस मिनिटे देण्यास आणि यादीत एक नाव घालण्यास कोणत्या आर्थिक कुवतीची वाट पाहावयाची आहे?